किडेपोसाठी घेतलेली 8×42 दुर्बीण: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगून टाकते: दुर्बीण उत्तम, तिच्यासोबत आलेला पट्टा टाकाऊ, आणि 10×42 घेतली नाही ते बरंच झालं. (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास.)

किडेपो व्हॅली हे राष्ट्रीय उद्यान युगांडाच्या ईशान्य टोकाला, करामोजा भागात, दक्षिण सुदानच्या सीमेला लागून आहे. 1962 साली जाहीर झालं, क्षेत्र 1,442 चौरस किलोमीटर. मसाई माराला आपल्याकडून वऱ्हाडंच्या वऱ्हाडं जातात, इथे मात्र फार थोडे पोचतात. कंपालाहून गुलू-किटगुममार्गे गाडीत दहा-बारा तास काढायचे, नाहीतर छोटं विमान. विमानात माणशी 15 किलो सामान, तेही कॅमेऱ्यासकट आणि मऊ बॅगेतच. त्यामुळे आमच्या घरात मोठी लेन्स की दुर्बीण, असा सरळ सामना झाला. लेन्स, तिचा स्टँड आणि तिला सांभाळणारा नवरा यांच्यापुढे सातशे ग्रॅमची दुर्बीण सहज जिंकली.

दुकानदार 10×42 गळ्यात घालायला बघत होता. 'मॅडम, आफ्रिकेत सगळं लांब असतं.' लांब असतं हे खरंच, पण 42 मिलिमीटरच्या भिंगाला 8 ने भागलं की डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत 5.25 मिलिमीटरचा, 10 ने भागलं तर 4.2 चा. सफारीतला सगळ्यात चांगला वेळ पहाटेचा, आणि तेव्हाच्या अपुऱ्या उजेडात हा फरक जाणवतो. दुसरं, जनावर जितकं मोठं दिसतं तितकीच हाताची थरथरही मोठी होते. आणि ऊन चढल्यावर गवतावरची हवा लहरायला लागते, तेव्हा 10 पटीत त्या लहरीच जास्त स्पष्ट दिसतात.

जायच्या आधी काही महिने इथेच वापरली. ताडोबात तिचा फारसा उपयोग झाला नाही. तिथे गाइड सांबराची हाक ऐकून जिप्सी नेतो, आणि वाघ दिसला तर डोळ्यांनीच दिसतो. खरी परीक्षा झाली ती इंदापूरजवळच्या कडबनवाडीच्या माळावर. वाळक्या गवतात उभी असलेली चिंकारा नुसत्या डोळ्यांना मातीचा ढिगारा वाटते. उघड्या माळावर नजर कशी फिरवायची हे मी तिथेच शिकले: एक पट्टा डावीकडून उजवीकडे, थांबत थांबत, मग त्याच्या वरचा पट्टा. भिगवणला पाण्याच्या चमकेसमोरच्या पक्ष्यांना जांभळी कड दिसते. या किमतीत तेवढं चालतं. चष्मा लावणाऱ्यांनी आयकप, म्हणजे डोळ्यांना टेकणाऱ्या कडा, आत फिरवून पूर्ण चित्र दिसतंय ना, हे दुकानातच बघावं.

किडेपोला डिसेंबर ते मार्च हा कोरडा काळ धरून जावं. किडेपो नदी वर्षातला बहुतेक काळ नुसती वाळू असते, पाणी टिकतं ते नारुस खोऱ्यात. त्यामुळे म्हशी, हत्ती, झेब्रे सगळे तिकडे गोळा होतात. उद्यानातल्या अपोकाच्या मुक्कामावरून ते खोरं समोर पसरलेलं दिसतं. चहाचा कप कठड्यावर आणि दुर्बीण डोळ्यांना, अशी माझी सकाळ जायची. सफारीवर न जाताही सफारी! रेंजरला खडकावरचा सिंह नुसत्या डोळ्यांनी दिसतो, तो भाग वेगळा. त्याच्याकडून एक युक्ती मिळाली: हार्टेबीस्टचा (हा तिकडचा मोठा, लांब तोंडाचा कुरंग) अख्खा कळप एकाच दिशेला मान करून उभा असेल, तर दुर्बीण कळपावर न लावता त्या दिशेला लावायची. अबिसिनियन रोलर म्हणजे आपल्या नीलपंखाचाच भाऊबंद, फक्त शेपटीला दोन लांब दोऱ्या. तो मी इतका वेळ बघत बसायचे की गाडीतले कंटाळायचे.

आता तक्रारी. पट्टा मानेत रुततो. छातीवर बसणारा हार्नेस वेगळा घ्या, पण लष्करी छाप्याचा नको. युगांडात तसे कपडे नागरिकांनी घालणं गुन्हा आहे, आणि आपल्याकडे हार्नेस नेमके त्याच छाप्यात जास्त मिळतात. काळा आणि गडद निळाही टाळा, त्या रंगांवर त्सेत्से माश्या येतात, आणि चांगल्याच चावतात. खाकी सगळ्यात बरा. पुढच्या भिंगांची झाकणं सैल आहेत, ती दोऱ्याने बांधावी लागली. फोकसच्या चाकात धूळ जाऊन ते आता जड फिरतं. सर्व्हिस सेंटरने 'वापरामुळे झालं' म्हणून हात वर केले. दुर्बीण वापरायची नसते हे मला माहीत नव्हतं. भिंगांवरची धूळ आधी फुंकणीने उडवा, मगच कापड लावा. थेट पुसलंत तर ओरखडे पडतील.

नियोजनात दुर्बिणीच्याही आधी येते ती पिवळ्या तापाची लस. ती निदान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. दाखला युगांडात शिरताना लागतोच, आणि तो नसेल तर परत आल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. रस्त्याने जाणार असाल तर किटगुमला टाकी भरा आणि रोख पैसेही तिथेच काढा. सॉकेट ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे. अडॅप्टर इथूनच न्या.

आणि दोघं जाणार असाल तर दुर्बिणी दोन घ्या, दुसरी स्वस्तातली चालेल. सिंह उठून गवतात शिरायला लागला की 'मला दे, मला दे' सुरू होतं, आणि फोकस परत जुळवेपर्यंत गवतच दिसतं.