आठ महिने हाडं रंगवल्यावर: मॅसन, सॅफ्रॅनिन, वॉन कोसा आणि ॲलिझारिनचा अनुभव

सप्टेंबरमध्ये हाडांचं काम हातात आलं तेव्हा मला वाटायचं की एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन, मायक्रोस्कोपखाली ऊती बघायची नेहमीची रंगजोडी) येतं ना, मग बाकीचे स्टेन, म्हणजे रंग, हौसच. आता मे चाललाय, उंदरांचे गुडघे आणि सरावाला आणलेल्या कोंबडीच्या तंगड्या मिळून किती स्लाइड झाल्या ते मोजणं सोडून दिलंय. आई अजून विचारते, तंगड्या आणतेस आणि रस्सा का नाही करत.

एच अँड ई ला नावं ठेवत नाही, रोजचं कामकरी आहे ते. पण त्यात हाड गुलाबी, टेंडन (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) गुलाबी, स्नायू पण गुलाबीच, कूर्चेला तेवढी निळसर जांभळी झाक. हाड नीट मोठं असेल तर कोणीही सांगेल, पण टेंडन जिथे हाडात शिरतं तिथे तासभर डोळे ताणून बसले तरी हद्द सापडत नाही.

म्हणून मॅसन ट्रायक्रोम घेतलं. स्नायू लाल, कोलॅजन (हाडा-टेंडनमधलं तंतूंचं प्रथिन) निळं, पहिली स्लाइड बघून मी खुर्चीतून उठलेच. पण आठवडाभरात हवा गेली, कारण हाडाच्या मॅट्रिक्समधल्या (पेशींभोवतीच्या भरावातल्या) सेंद्रिय भागात सुमारे ९० टक्के कोलॅजनच, म्हणजे टेंडन पण निळं आणि हाड पण निळं. मॅसन हाड ओळखत नाही, कोलॅजन ओळखतो. हाड ओळखायचं ते छोट्या खळग्यांत बसलेल्या ऑस्टिओसाइटवरून, म्हणजे हाडाच्या पेशींवरून, आणि थरांवरून, मॅसन फक्त बाजूचा स्नायू वेगळा काढून देतो, त्यासाठी मात्र झकास. मॅसनआधी स्लाइड बुईन्स द्रावणात ५६ डिग्रीला एक तास ठेवायचा कंटाळा करू नका, मी केला होता, रंग फिके आले.

आता खरी रड. हाड कापायचं तर आधी त्यातलं कॅल्शियमचं खनिज काढून ते मऊ करावं लागतं, यालाच डीकॅल्सिफाय करणं म्हणतात. नवरात्रीत शनिवारी संध्याकाळी गुडघे ५ टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये टाकले आणि गरब्याला गेले, वडोदऱ्यात राहून त्या नऊ रात्री लॅबमध्ये कोण बसणार, म्हटलं रविवारी येऊन काढते. आले थेट सोमवारी. सेक्शन (पातळ काप) लोण्यासारखे कापले गेले, पण हिमॅटॉक्सिलिन लागेचना, पेशींची केंद्रकं म्हणजे नुसती राखाडी सावली. मी स्टेन जुना म्हणून सगळ्यांशी भांडले, नवीन बाटली मागवली, तेच. सरांनी स्लाइड एकदा बघितली आणि म्हणाले, ‘अगं, हाड शिजवलंस तू.’ तेव्हापासून फक्त ईडीटीए (कॅल्शियम हळूहळू ओढून घेणारं सौम्य रसायन), पीएच ७.४, तीन-चार आठवडे, दर दोन-तीन दिवसांनी बदलून. हाड मऊ झालं की नाही ते सुई टोचून बघायचं नाही, भोकं पडतात आणि पुढे ती सेक्शनमध्ये दिसतात, एक्स-रे मिळत असेल तर तोच घ्या. आणि हो, सॅफ्रॅनिन ओ (कूर्चेसाठीचा लाल रंग) करायचं असेल तर ईडीटीएच, कडक ॲसिडने कूर्चेतले प्रोटिओग्लायकन (साखरसाखळ्या जोडलेली प्रथिनं) निघून जातात आणि लाल रंग पकडायला काही उरत नाही. नीट जमलं तर मात्र कूर्चा लाल-केशरी, हाड फास्ट ग्रीन या जोडीच्या रंगाने हिरवं, मला सगळ्यात आवडलेला स्टेन हाच.

वॉन कोसा, हाडातलं खनिज दाखवणारा, १९०१ पासूनचा म्हातारा. सिल्व्हर नायट्रेट फॉस्फेटवर बसतं आणि उजेडात काळं होतं, कॅल्शियमवर नाही बसत, हे लक्षात ठेवा. मी दोन आठवडे डीकॅल्सिफाय केलेल्या सेक्शनवर तो करत बसले आणि काळं काही येईना. येणार कसं, खनिजच काढून टाकलेलं! मग नवजात पिल्लांचे पाय घेतले, डीकॅल्सिफाय न करता पॅराफिन मेणात बसवून कापले, सेक्शन थोडे फाटतात पण चालून जातं, मोठ्या हाडाला मात्र मेणाऐवजी कडक रेझिनच लागतं. यूव्ही दिवा नसला तरी अडत नाही, खिडकीतलं वडोदऱ्याचं ऊन पुरतं, अर्ध्या तासात काळी जाळी उमटते. ग्लोव्ह्ज घाला, माझी बोटं मावसबहिणीच्या हळदीला काळी होती आणि सगळ्या बायकांनी चौकशी केली.

ॲलिझारिन रेड त्याच कामाचं, जास्त पटकन, कॅल्शियमवर केशरी-लाल. पीएच ४.१ ते ४.३ च्या मध्ये ठेवा, यात कंजूषपणा चालत नाही, आणि घड्याळ लावून न बसता मायक्रोस्कोपखाली बघत बघत थांबवा, ३० सेकंदात पण होतं, ५ मिनिटं पण लागतात. जरा जास्त झालं की सगळी स्लाइड लालभडक आणि परत सेक्शन कापा.

सध्या एकाच ब्लॉकचे (मेणात बसवलेल्या तुकड्याचे) शेजारशेजारचे तीन सेक्शन काढते, एक एच अँड ई, एक मॅसन, एक सॅफ्रॅनिन, तिन्ही शेजारी ठेवून बघते. पिक्रोसिरिअस रेड (कोलॅजनचाच आणखी एक रंग) पण करून बघितलं, पोलरायझर फिल्टरमधून आलेल्या पोलराइज्ड उजेडात हाडाचे थर असे चमकतात की बाकीचं विसरायला होतं, पण आमचा पोलरायझर शेजारच्या लॅबमधून मागून आणावा लागतो, आणि तो परत द्यायची तारीख काल होती.