'डार्क शॅडोज'चा डीव्हीडी संच: पश्चात्तापी रक्तपिपासूचे मूळ घर

'डार्क शॅडोज' या अमेरिकन मालिकेचा शवपेटीच्या आकाराचा संपूर्ण संच 131 डीव्हीडींचा आहे. बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्यासारख्या लहान घरात तो ठेवायचा कुठे, याचा विचार पैसे मोजण्याआधी करावा. एबीसी वाहिनीवर 1966 ते 1971 या काळात दुपारी दाखवल्या गेलेल्या या मालिकेचे 1225 भाग आहेत. त्यांतले पहिले दोनशे वगळले तरी फारसे बिघडत नाही, कारण बार्नबस कॉलिन्स हा रक्तपिपासू (व्हॅम्पायर) अवतरतो तो एप्रिल 1967 मध्ये.

जोनाथन फ्रिड यांचा बार्नबस आरंभी क्रूरच आहे. गमावलेली प्रेयसी जोझेट परत मिळावी म्हणून तो मॅगी या तरुणीला कोंडून ठेवतो. परंतु पुढे त्याला स्वतःच्या अवस्थेचा वीट येतो आणि डॉ. ज्युलिया हॉफमन त्याच्यावर चक्क वैद्यकीय उपचार सुरू करते. निर्माते डॅन कर्टिस यांनी याच कथेवर 1970 मध्ये 'हाउस ऑफ डार्क शॅडोज' हा चित्रपट केला, तेव्हा ही घालमेल आटली आणि रक्तपात तेवढा वाढला. मात्र 1974 च्या त्यांच्या 'ड्रॅक्युला'त हरवलेल्या प्रियेचा शोध पुन्हा आला. ब्रॅम स्टोकर यांच्या 1897 च्या कादंबरीत नसलेला हाच धागा 1992 मध्ये फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी आपल्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी आणला. अर्थात, पुनर्जन्म घेतलेल्या प्रेयसीची कल्पना 1932 च्या 'द ममी'मध्येही होती, त्यामुळे सगळे श्रेय मालिकेला देता येणार नाही. रक्तपिपासूला आपल्या भुकेची लाज वाटणे ही मात्र तिने रुजवलेली गोष्ट आहे. टिम बर्टन यांच्या 2012 च्या चित्रपटाने वाडा आणि वेशभूषा उचलली, पण त्या शरमेची बरीचशी थट्टाच केली.

चित्रीकरण जवळजवळ सलग होत असल्याने नट संवाद विसरतात, मायक्रोफोनची सावली भिंतीवर पडते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे गुर्लहोसूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या नाटकवेड्या प्रेक्षकाला या चुका खटकण्याऐवजी जवळच्याच वाटतील.

मराठी किंवा कन्नड उपशीर्षके नाहीत आणि जुन्या ध्वनिमुद्रणातले काही संवाद नीट कळत नाहीत. आपल्या प्लेअरवर अमेरिकेतील डीव्हीडी चालतात ना, हे तपासून घ्यावे. सगळा संच एकदम मागवण्यापेक्षा बार्नबसच्या आगमनापासून सुरू होणारा 'कलेक्शन 1' आधी घ्यावा.