ग्रॅन टुरिस्मो ७ : गाड्या एक नंबर, पण पैसा सोडताना गेमचा जीव जातो

आमच्या लातूरच्या ग्रुपवर हल्ली चार-पाच जणांनी सेकंडहँड पीएस फोर (प्लेस्टेशन ४) घेतलेत आणि सगळ्यांनी ग्रॅन टुरिस्मो ७ लावलाय, आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, गेम लई भारी हाय राव पण पैसे पुरंनात, गाडी घ्यावं का टायर घ्यावं तेच कळंना. रोज कोणी ना कोणी तेच तेच विचारायलेत म्हणून म्हटलं एकदाच सविस्तर रिव्ह्यू टाकून द्यावा, म्हणजे पुढच्याला नुसती लिंक दिली की काम झालं. गाडी चालवायच्या मजेला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, पैशाच्या कारभाराला अडीच, आणि तो अडीच पण नंतर केलेल्या सुधारणेमुळं, नाहीतर दीडच दिला असता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा पॉलिफोनी डिजिटल कंपनीचा कार रेसिंगचा गेम, ४ मार्च २०२२ ला पीएस फोर आणि पीएस फाइव्हवर आला. जीटीए मधी गाडी ठोकत फिरायची सवय असलेल्यानं इथं पहिल्याच वळणावर मातीत जायची तयारी ठेवावी. ब्रेक कुठं लावायचा, वळणात गाडीचं वजन कुठं जातंय, ओल्या रस्त्यावर मागचं चाक कसं सुटतंय, हे सगळं हातातल्या कंट्रोलरमधी कळतं, आणि एकदा ते कळायला लागलं की दुसरे रेसिंग गेम खेळण्यासारखे वाटत नाहीत. स्विफ्ट स्पोर्ट पण हाय यात, आपल्याकडं गल्लोगल्ली दिसते तिचा तापट भाऊ समजा. आपल्या ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट रेसट्रॅक मात्र नाही, ते एक दुखणंच हाय.

आता पैसा. गेममधल्या पैशाला क्रेडिट म्हणतात आणि हा गेम ते सोडताना लई विचार करतो. लाँच झाल्यावर दोन आठवड्यातच १.०७ अपडेट आलं आणि त्यात बऱ्याच रेसचं बक्षीस कापलं. फिशरमन्स रँच नावाची मातीतली एक छोटी रॅली रेस होती, चार मिनिटात उरकायची आणि पैसा चांगला द्यायची म्हणून जगभरची पोरं तीच एक रेस खेळत बसलेली, तिचं बक्षीस थेट निम्म्यावर आणलं. वरून त्याच अपडेटमधी सर्व्हर ३० तासांहून जास्त बंद पडले. गेमचे कर्ताधर्ता काझुनोरी यामाउची यांनी तेव्हा खुलासा केला, गाडीची किंमत म्हणजे तिचा मान आणि दुर्मिळपणा असं त्यांचं म्हणणं. लोक काही ऐकंनात. मग शेवटी माफी, सगळ्यांना १० लाख क्रेडिट फुकट, आणि एप्रिलमधी १.११ अपडेटमधी बक्षिसं वाढवली. हे सांगायचं कारण एवढंच की जुने व्हिडिओ बघून कोणी तुम्हाला मार्च २०२२ ची जुगाड सांगत असंल तर तिच्या नादी लागू नका, ती आता तशी राहिली नाही.

नवीन माणसाच्या पैशाची सगळ्यात मोठी गळती पहिल्या चार-पाच दिवसातच होते. सुरुवातीला जपानी छोट्या गाड्यांपैकी एक घ्यायला लावतात, फिट हायब्रिड, डेमिओ किंवा ॲक्वा. कोणतीबी घ्या, फार डोकं लावू नका. खरी गोष्ट पुढं हाय. गेममधी एक कॅफे हाय, तिथला लुका नावाचा माणूस मेनू बुक देतो, म्हणजे ह्या ह्या तीन गाड्या जमवून आणा असं काम. आता नवीन पोरगं काय करतं, यादीत गाडीचं नाव दिसलं की सरळ शोरूममधी जाऊन विकत घेतं. अरे बाबा, त्या गाड्या बहुतेक वेळा त्याच मेनूच्या रेसमधी पहिल्या तीनात आलं की फुकट मिळतात! माझ्या आतेभावानं अशाच दोन गाड्या विकत घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी तशाच दोन बक्षिसात आल्या, आता गॅरेजमधी जोडीनं उभ्या हायत. विकता येतात, सुरुवातीला तर ते पण नव्हतं, नंतरच्या अपडेटमधी आलं, पण विकताना भाव पडूनच मिळतो. त्यामुळं कॅफेचे मेनू संपेपर्यंत शोरूमकडं फिरकूच नका. ३९ मेनूंपर्यंत मुख्य गोष्ट चालते आणि तोवर गॅरेज आपोआप भरतं.

मग पैसा घालायचा कशात? टायरात. सगळ्यांना पहिलं टर्बो पाहिजे असतो, आवाज पाहिजे असतो. पण सरळ रस्त्यावर गाडी पळवायला अक्कल लागत नाही, वेळ जातो तो वळणात, आणि वळणात टायर. कम्फर्ट टायरवरून स्पोर्ट्स टायरवर आलं की तीच डेमिओ शहाण्यासारखी वळायला लागते. प्रत्येक गाडीला पीपी म्हणून आकडा असतो, ताकद, वजन, टायर सगळं मिळून, आणि पुढच्या बऱ्याच रेसला पीपीची मर्यादा असते. आकडा जास्त झाला तर गाडी बदलायची गरज नाही, पॉवर रिस्ट्रिक्टर आणि बॅलास्ट घ्यायचं, म्हणजे ताकद थोडी बांधायची किंवा वजन टाकायचं, गाडी मर्यादेत बसते. एकाच गाडीला तीन-तीन सेटिंग करून तीन रेस मारता येतात, आणि तीन गाड्यांचे पैसे वाचतात. आणखी एक, वापरलेली गाडी घेतली तर पहिलं जीटी ऑटोमधी, म्हणजे गेममधल्या वर्कशॉपमधी, जाऊन ऑइल बदला, जुन्या ऑइलनं गाडीची ताकद उतरलेली असते आणि लोक उगंच पार्ट घेत बसतात.

पण खरं सांगू का, या गेममधी श्रीमंत व्हायचा रस्ता वेगाचा नाहीच. क्लीन रेस बोनस नावाची गोष्ट हाय, कोणाला जोरात न धडकता, भिंतीला न घासता रेस पूर्ण केली की मोठ्या रेसमधी बक्षिसावर आणखी ५० टक्के. म्हणजे साडेपाच लाखाची रेस सव्वाआठ लाखाला जाते, तेवढ्याच वेळात, तेवढ्याच गाडीत. टोकियो एक्स्प्रेसवेची ६०० पीपीची रेस बघा, १२ लॅप म्हणजे बारा फेऱ्या, दोन्ही बाजूला भिंत, बाजूला मोकळी जागा म्हणून नाही. आपली पोरं तिथं अंगात आल्यासारखी घुसतात, पुढच्या गाडीच्या बंपरला टेकून वळण घेतात, पहिला नंबर येतो आणि शेवटी स्क्रीनवर बोनसची ओळ काही येत नाही. पावणेतीन लाख गेले एका धक्क्यात. त्यापेक्षा वळणाच्या आधी जरा लवकर ब्रेक, पुढचा आत घुसत असंल तर घुसू द्या, बाहेर पडताना गाडी सरळ करून गॅस द्या, सरळ रस्त्यावर तो तसाबी सापडतोच. बारा लॅप हायत, घाई कामून करायची? कॉम्प्युटरच्या गाड्या पुढं असल्या तरी फार हुशार नसतात, आपल्या लाईनवर गपगुमान चालतात, त्यांना गाठायला दम धरला की झालं.

माझी स्वतःची आवडती म्हणजे ला सार्तची, ल माँचा तो लांबलचक ट्रॅक, १३ किलोमीटरच्या वर एक लॅप. ७०० पीपी, ३० मिनिटं, आणि क्लीन बोनस धरून तेच सव्वाआठ लाख. भिंती लांब हायत म्हणून नवीन माणसाला टोकियोपेक्षा ही सोपी जाते. हिच्यात खरी परीक्षा पेट्रोलची आणि पावसाची. फ्युएल मॅप म्हणून सेटिंग हाय, १ वर ठेवलं की गाडी पेट्रोल पिते, ६ वर नेलं की जपून चालते पण जरा मंदावते. लांब सरळ पट्ट्यात सुरुवातीला लोक १ वर ठेवून पुढं पळतात आणि पिटमधी, म्हणजे पेट्रोल-टायरसाठी थांबायच्या जागी, एक फेरी जास्त करून बसतात, तिथं जो वेळ जातो तो वेगानं भरून निघत नाही. मी मधल्या आकड्यावर ठेवतो आणि पुढची गाडी जवळ आली की तिच्या मागच्या हवेचा फायदा घेऊन आणखी एक आकडा ६ कडं नेतो, पेट्रोल वाचतं. आणि पाऊस. कोपऱ्यात रडार लावता येतं, त्यावर निळा ढग सरकत यायला लागला की आपलं आपण ठरवायचं, आता पिटमधी जाऊन इंटरमिजिएट (थोड्या ओल्या रस्त्याचे) टायर घ्यावं का अजून एक लॅप ओढावी. एका बाजूला रस्ता ओला आणि दुसऱ्या बाजूला कोरडा असं पण होतं, ट्रॅकच तेवढा मोठा. मागच्या रेसला मी सुक्या टायरवर थांबलो, बाकीचे अर्धे पिटमधी पळाले, ढग ट्रॅकच्या कडंकडंनं निघून गेला आणि मी आरामात पहिला. जुगारच हाय थोडा, पण डोक्यानं खेळायचा जुगार. त्या पावसात रात्रीचे हेडलाईट पडतात ना, राव, तेवढ्यासाठी पण गेम घ्यावा.

फक्त एक, आपल्याकडं अर्ध्या तासाची रेस लावायची म्हणजे इन्व्हर्टर पाहिजेच. २६ व्या मिनिटाला लाईट गेली की रेस गेली, पैसा गेला, बोनस गेला, काहीच परत मिळत नाही. बरं, गेम ऑफलाईन पण नीट खेळता येत नाही, म्युझिक रॅली (गाण्यासोबत गाडी चालवायचा प्रकार) सारखं थोडंफार सोडलं तर सगळ्याला इंटरनेट लागतं, सेव्ह पण सर्व्हरवर होतं. म्हणून टीव्ही आणि कन्सोलबरोबर राउटर पण इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर मोबाईलचं हॉटस्पॉट तयार ठेवा, खेळताना डेटा काही फार जात नाही. अपडेट मात्र गाड्यांच्या सोबत पोतंभर येतात, ते रात्रीच लावून झोपा. आणि एप्रिल-मे मधी पीएस फोर असा ओरडतो की घरचे विचारतात मिक्सर चालू हाय का, त्याला भिंतीपासून लांब ठेवा.

लायसन्स टेस्ट टाळू नका. बी, ए, आयबी, आयए, एस असे पाच टप्पे, प्रत्येकात १० टेस्ट, सगळ्यात ब्राँझ जमलं तरी एक गाडी मिळते आणि सगळ्यात गोल्ड केलं तर आणखी एक. सर्किट एक्स्पीरिअन्समधी तर ट्रॅकचे तुकडे तुकडे करून शिकवतात आणि गोल्डला रोख पैसे. नवीन माणसाला यासारखी कमाई नाही, कारण गाडी गेमच देतो, आपला छदाम लागत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या स्पेक टू अपडेटपासून आठवड्याची पाच रेसची चॅलेंज पण असते, त्यात वरून क्रेडिट आणि तिकीट मिळतं, रविवारी दुपारी उरकून घ्यायची.

तिकिटावरून आठवलं. रोज ४२.१९५ किलोमीटर गाडी चालवली की रुलेटचं, म्हणजे नशिबाच्या चक्राचं, एक तिकीट मिळतं, मॅरेथॉनचं अंतर म्हणून. ते चक्र फिरतं, गाडी दिसते, दहा लाख दिसतात आणि थांबतं कुठं तर सगळ्यात खालच्या रकमेवर. कायम. जगभरची लोक याला शिव्या घालतात त्यामुळं आपलंच नशीब फुटकं असं समजू नका. तिकीट मिळालं तर फाडा, पण त्याच्या भरवशावर कोणत्याच गाडीचं स्वप्न बघू नका.

स्वप्नाच्या गाड्या असतात लेजंड कार्स नावाच्या गेममधल्या दुकानात. यांचे भाव अमेरिकेतल्या हॅगर्टी नावाच्या जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या कंपनीच्या अंदाजावर ठरतात आणि मधूनमधून बदलतात पण, मोंढ्यातल्या सोयाबीनसारखे, फरक एवढाच की इथं खाली यायचं नाव कमी. मॅक्लारेन एफ वन सुरुवातीला १ कोटी ८५ लाखाला होती. सार्तच्या हिशोबानं २३ रेस, म्हणजे साडेअकरा तास, तेही प्रत्येक रेस पहिला आणि क्लीन धरून. हेच खऱ्या पैशानं घ्यायला गेलं तर २० लाख क्रेडिट साधारण २० डॉलरला, म्हणजे एका गाडीला १८५ डॉलर लागतात, जेवढ्यात अख्खा गेम दोन-तीनदा येईल. आणि एवढे देऊन हातात काय, तर एक गाडी. पूर्ण पैसे घेऊन विकलेल्या गेममधी हे दुकान मांडायची काही गरज नव्हती, माझा खरा राग इथंच हाय. घरात लेकरं खेळत असतील तर कन्सोलवर खरेदीला पासवर्ड लावून ठेवा, एटीएमचं कार्ड तर जोडूच नका.

एक बारीक गोष्ट, लेजंड आणि वापरलेल्या गाड्यांच्या दुकानात माल बदलत राहतो, गाडीवर लिमिटेड स्टॉक लिहून आलं की ती लवकरच जाणार. त्यामुळं पुढच्या रेसला लागणारी स्वस्त वापरलेली गाडी दिसली तर घेऊन ठेवा, पण महागडी दिसली म्हणून जीव टाकू नका, ती परत येते, दम लागतो फक्त.

घ्यायचा असंल तर डिस्कच घ्या, नवीन चार-पाच हजाराच्या घरात पडते, सेकंडहँड त्याहून बरीच खाली, आणि सेव्ह आपल्या अकाउंटला असल्यामुळं आधीच्या मालकाचा काही संबंध राहत नाही. दोघंजण एकाच टीव्हीवर स्क्रीन वाटून पण खेळता येतं, त्याच्यासाठी दुसरा कंट्रोलर मात्र ओरिजिनलच बघा, डुप्लिकेटचा गॅसचं बटण अर्धवट दाबला काय आणि पूर्ण दाबला काय, गाडीला सारखंच कळतं, आणि मग क्लीन बोनस विसराच.