चार बुकशेल्फ जोड्या आणि रुईकर कॉलनीतला एक हॉल

कोल्हापूरच्या रुईकर कॉलनीत भाच्यानं फ्लॅट घेतलाय. हॉल १० बाय १४ फुटांचा, खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी, एका भिंतीला सुताराकडून करून घेतलेलं टीव्ही युनिट, समोर सोफा. त्याला रात्री सिनेमा बघायचा असतो आणि आमच्या अक्काला सकाळी देवपूजा आटोपली की गाणं लागतं. "मामा, वाचून वाचून डोकं फिरायची वेळ आली. कुठली जोडी घेऊ तेवढं सांगा की," म्हणत त्यानं बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणाऱ्या लहान स्पीकरच्या चार जोड्यांची नावं पुढं ठेवली: एडिफायर आर१२८०डीबी, व्हार्फेडेल डायमंड १२.१, एलॅक डेब्यू बी५.२ आणि क्लिप्श आर-५१एम. दोन्ही कामं एकाच जोडीनं करायची. याच पेचात बरीच घरं असतात, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथं मांडतोय.

आपल्याकडं चांगला आवाज म्हणजे मिरवणुकीतला डॉल्बी, छाती हादरली तरच पैसे वसूल, अशी कानाला सवय लागली आहे. चार-पाच इंची वूफरकडून, म्हणजे डब्यातल्या खालचे-मधले सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याकडून, ते मागू नका, ते काम सबवूफरचं, फक्त खालच्या घुमाऱ्यासाठीच्या वेगळ्या डब्याचं. या जोडीनं माणसाचा आवाज खरा दिला पाहिजे. सिनेमातले संवादही तिथंच उजळतात आणि अक्काचं गाणंही. शाहू महाराजांच्या आश्रयानं अल्लादिया खाँसाहेब इथं राहिले आणि जयपूर घराण्याची गायकी कोल्हापूरच्या कानात मुरली. अक्काकडं त्याच घराण्याच्या गायिका केसरबाई केरकर यांची जुनी ध्वनिमुद्रणं आहेत, ७८ च्या तबकड्यांवरून उतरवलेली, एकेक तीन-साडेतीन मिनिटांचं. त्यांत तळाचा घुमारा नाही, वरची चमक नाही. जे आहे ते सगळं मधल्या पट्टीत. स्पीकर मध्ये पोकळ असेल तर अशा ध्वनिमुद्रणात लगेच उघडा पडतो. दुकानात जाताना मोबाइलमध्ये असलंच काहीतरी घेऊन जा. दुकानदार लावतो ते गुळगुळीत गाणं कुठल्याही स्पीकरवर छानच वाजतं.

कंपनीचा आकडा वाचण्याआधी टेप घेऊन युनिट मोजलं. फळीची खोली १४ इंच. डायमंड १२.१ मागच्या टर्मिनलसकट ११ इंचांच्या आसपास जातो, म्हणजे मागं तीन इंच उरले. आणि याचं पोर्ट मागं आहे. पोर्ट म्हणजे डब्याला ठेवलेलं भोक. वूफर हलतो तेव्हा आतली हवा तिथून ये-जा करते आणि खालच्या सुरांना जोर देते. हे भोक भिंतीला टेकल्यासारखं झालं की तबल्याचा डग्गा फुगतो आणि गाणाऱ्याच्या आवाजावर चढतो. मागं पोर्ट असेल तर भिंतीपासून निदान वीतभर, जमलं तर फूटभर जागा हवी. क्लिप्शचंही पोर्ट मागंच. एलॅकचं मात्र पुढं, तळाशी आहे, आणि त्याची खोलीही सव्वानऊ इंचच. भिंतीचा परिणाम पुढच्या पोर्टलाही होतो, कारण भिंत कुठल्याही स्पीकरचा खालचा आवाज वाढवतेच. पण तो आवरता येण्याइतका असतो. नाव 'बुकशेल्फ' असलं तरी शेल्फमध्ये निमूट बसणारे स्पीकर थोडेच. मॉडेल बदलत राहतात. नवी आवृत्ती घेताना पोर्ट कुठं आहे ते पुन्हा बघा.

आवाजावरून म्हणाल तर मला स्वतःला व्हार्फेडेल आवडतो. १९३२ साली यॉर्कशरमध्ये सुरू झालेली ही कंपनी, आणि डायमंड हे नाव ती १९८० च्या दशकापासून चालवते आहे. १३ सेंटिमीटरचा वूफर, ८ ओहम (विजेला होणारा अडथळा), ८८ डेसिबल (ठरलेल्या ताकदीवर किती मोठा वाजतो ते). ऊबदार, कान न टोचणारा. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा भरीव गुंजारव, त्यात अशी भरून येते की तासभर ऐकून थकवा येत नाही. काळी एकच्या पट्टीतल्या तंबोऱ्यात खर्जाची, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुराची तार साधारण ६९ हर्ट्झवर (सेकंदाला ६९ कंपनं) असते आणि या जोडीची घोषित पोहोच खाली ६५ हर्ट्झपर्यंत, म्हणजे जेमतेम पण आहे. बायकांच्या काळी पाचच्या तंबोऱ्याचा खर्ज ११७ च्या आसपास येतो, तो चारही जोड्या पेलतात. मात्र हे हर्ट्झचे आकडे एका कंपनीचे दुसरीशी लावून बघू नका. आवाज किती पडेपर्यंतचा आकडा धरायचा हे ज्याची ती कंपनी ठरवते.

एलॅक हा अँड्र्यू जोन्स या स्पीकर-रचनाकारानं आखलेला. सव्वापाच इंची वूफर, ६ ओहम, ८६ डेसिबल. व्हार्फेडेलइतका लाघवी नाही, पण सरळ आहे. ध्वनिमुद्रणात जे आहे ते देतो, आपलं काही मिसळत नाही. संवाद स्वच्छ. अट एकच, त्याला ताकदीचा ॲम्प, म्हणजे स्पीकरला वीज पुरवून आवाज मोठा करणारं यंत्र लागतं.

क्लिप्श याच्या अगदी उलट. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा पडदा, भोंग्यात बसवलेला आणि संवेदनशीलता, म्हणजे तोच ठरलेल्या ताकदीवरचा आवाज, ९३ डेसिबल. एलॅकपेक्षा सात डेसिबल जास्त, म्हणजे तेवढाच आवाज काढायला एलॅकला साधारण पाचपट वॉट लागतात. छोट्या ॲम्पवरसुद्धा सिनेमा धडाक्यात वाजतो, गोळीबार आणि गाड्या अंगावर येतात. पण भाच्याच्या हॉलमध्ये टाळी वाजवली तर फरशी आणि उघड्या भिंतींमधून ती टर्र करून परत येते. अशा खोलीत भोंग्याचा चमकदार आवाज सतार आणि टाळ-झांजेला धार आणतो. अक्का पंधरा मिनिटांत आवाज कमी करायला सांगेल. खोलीत जाड पडदे, गाद्या, पुस्तकं असतील आणि सिनेमाच मुख्य असेल, तर क्लिप्श जरूर घ्या.

एडिफायरचं गणित निराळं, कारण ॲम्प त्याच्या पोटातच आहे. दोन्ही मिळून ४२ वॉट, चार इंची वूफर, ब्लूटूथ, ऑप्टिकल, रिमोट. प्लग लावला की सुरू. बाकी तिघांना ॲम्प किंवा एव्ही रिसीव्हर (टीव्ही आणि बरेच स्पीकर जोडायची सोय असलेला ॲम्प) वेगळा घ्यावा लागतो, आणि नवखा माणूस बजेट करताना नेमका तोच खर्च विसरतो. बेडरूमला, अभ्यासाच्या टेबलाला ही जोडी उत्तम. पैसे कमी असतील तर साउंडबारपेक्षा मी हीच घेईन. ऑप्टिकल वायर लावून आवाज आला नाही तर घाबरू नका, टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ पीसीएमवर करा. पण पुढं सेंटर (संवादांसाठीचा मधला स्पीकर) आणि मागचे स्पीकर जोडून ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, करायचं म्हटलं तर हा रस्ता इथंच संपतो. भाच्याला ते करायचं आहे, म्हणून एडिफायर यादीतून गेला.

उरले व्हार्फेडेल आणि एलॅक. स्टँड ठेवून स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढं आणता आले असते, तर मी डोळे झाकून व्हार्फेडेल सांगितला असता. पण घरात दीड वर्षाचं पोर आहे, स्टँड उभा राहणार नाही. जोडी फळीवरच बसणार, म्हणून एलॅक सांगितला आणि त्यानं तोच आणला, एका साध्या ५.१ रिसीव्हरसकट. सेंटर दिवाळीला, सबवूफर त्यानंतर, असं ठरलंय. तोवर रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये स्पीकर 'लार्ज' ठेवायचे, म्हणजे खालचे सूरही याच जोडीकडं जातात. सब आला की 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचं ओझं सबवर जातं आणि वूफर मोकळा होतो.

जोडणी करायला मी गेलो होतो. पहिल्याच दिवशी डग्गा घुमला की युनिटच्या काचेमागं ठेवलेलं चांदीचं निरांजन किणकिणायचं. भाच्याला वाटलं स्पीकरच खराब. प्रत्येक डब्याखाली चार रबरी पॅड लावले, पुढची कड पॅड दुमडून बोटभर उचलली म्हणजे ट्वीटर सोफ्यावरच्या कानाकडं वळला, आणि डबे फळीच्या पुढच्या कडेला आणले. किणकिण थांबली. दोन स्पीकरमध्ये साडेसहा फूट, सोफा साडेसात फुटांवर. खाली अक्काची जुनी सतरंजी अंथरली तेव्हा टाळीची टर्र निम्म्यावर आली.

वायरीबाबत सावध राहा. मागं माझ्या घरासाठी एका दुकानातून 'प्युअर कॉपर' म्हणून वायर आणली, घरी ब्लेडनं तार खरवडली तर आतून पांढरी निघाली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. दुकानातच खरवडून बघा. १६ गेजची खरी तांब्याची वायर अशा हॉलला पुरते, त्यापेक्षा महागडी काही नको.

आणि आपला पाऊस. जून ते सप्टेंबर ज्या भिंतीला ओल येते तिला स्पीकर टेकवू नका. डबा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा असतो, त्याच्या कडा पाणी पितात आणि फुगल्या की पुन्हा बसत नाहीत. वळवाला गडगडायला लागलं की रिसीव्हरचा प्लग उपटायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. हे काम अक्कानं स्वतःकडं घेतलंय.