आईवडील सांभाळता? मग जुनी करप्रणाली की नवी?

प्राप्तिकराचं रिटर्न भरायचे दिवस आले की ऑफिसात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "माझ्यावर आईवडील अवलंबून आहेत, मला जुनीच परवडते." आकडे मांडले की बहुतेकदा उलटं निघतं.

जुनी प्रणाली तुमचं रेशनकार्डही बघते, नवी फक्त सॅलरी स्लिप. जुन्यात प्राप्तिकर कायद्याच्या ८०डी कलमाखाली स्वतःच्या कुटुंबाच्या आरोग्य विम्यासाठी २५ हजारांपर्यंत आणि ज्येष्ठ आईवडिलांसाठी वेगळी ५० हजारांपर्यंत वजावट आहे. गंमत म्हणजे इथे आईवडील तुमच्यावर अवलंबून असायलाच हवेत असं नाही. ज्येष्ठांचा विमाच नसेल, तर औषधोपचाराचा खर्च याच मर्यादेत बसतो, फक्त तो रोखीने केलेला नको. मेडिकलवाल्याला यूपीआय करायची सवय लावून घ्या.

घरात अवलंबून असलेली अपंग व्यक्ती असेल, तर ८०डीडी बघाच. किमान ४० टक्के अपंगत्वाला ७५ हजार, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. प्रत्यक्ष खर्च कितीही झाला तरी वजावट पूर्ण मिळते, पण प्रमाणपत्र हवं. ती व्यक्ती स्वतःच्या उत्पन्नातून ८०यू ही अपंगत्वाची वजावट घेत असेल, तर तुम्हाला ही वजावट नाही. कर्करोगासारख्या ठरावीक आजारांसाठी ८०डीडीबी आहे: ४० हजारांपर्यंत, रुग्ण ज्येष्ठ असेल तर एक लाखापर्यंत, विम्यातून मिळालेली रक्कम वजा करून.

नव्या प्रणालीत यातलं काहीच नाही. मुलांची शाळेची फी नाही, शैक्षणिक कर्जाचं व्याज नाही. त्या बदल्यात कराचे टप्पे सैल आहेत आणि पगारातून सरसकट मिळणारी प्रमाणित वजावट ५० ऐवजी ७५ हजार आहे.

आता २०२५-२६ या आर्थिक वर्षाचा हिशोब. पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर नवीत कर शून्य. तिथे विचार कसला करायचा?

पगार १५ लाख धरू. नवीत उपकरासह कर होतो ९७,५०० रुपये. जुनीत प्रमाणित वजावटीचे ५० हजार, ८०सीचे (पीएफसारख्या बचतीचे) दीड लाख, आरोग्य विम्याचे ७५ हजार आणि तीव्र अपंगत्व असलेल्या भावासाठी सव्वा लाख, इतकं सगळं लावलं तरी करपात्र उत्पन्न ११ लाख राहतं आणि कर १,४८,२०० रुपये. म्हणजे एवढी जबाबदारी असूनही जुनी ५०,७०० रुपयांनी महाग! राहत्या घराच्या कर्जाचं दोन लाख व्याज त्यात आलं की कर ९६,२०० वर येतो. जुनी जिंकते, पण फक्त १,३०० रुपयांनी. त्याच वर्षी वडिलांच्या कर्करोगाचा एक लाख खर्च निघाला, तर कर ७५,४०० होतो आणि तेव्हा कुठे फरक जाणवतो.

माझं मत असं, की नुसत्या अवलंबितांच्या जोरावर जुनी निवडू नका. जोडीला गृहकर्जाचं व्याज किंवा मोठा घरभाडे भत्ता असेल तरच कागद काढून बसा. भाडं आईवडिलांनाच देत असाल तर ते खरोखर त्यांच्या खात्यात जायला हवं आणि त्यांच्या रिटर्नमध्ये दिसायला हवं.

नवीत मदतीची वाट वेगळी आहे. आईवडिलांना दिलेल्या पैशांवर त्यांना कर लागत नाही आणि त्या पैशांच्या एफडीचं व्याज त्यांचंच उत्पन्न धरलं जातं. पत्नीला पैसे दिले तर मात्र व्याज तुमच्याच उत्पन्नात मिळवतात. अर्थात पैसे खरंच त्यांचे झाले, हे मनातून मान्य हवं; उद्या वारसांत भावंडंही असतात.

पगारदाराला ही निवड दरवर्षी बदलता येते. ऑफिसला नवी सांगितली असली तरी रिटर्नमध्ये जुनी घेता येते, पण रिटर्न मुदतीतच भरायला हवं. उशीर झाला की नवीच लागू. धंद्याचं उत्पन्न असेल तर जुनीसाठी १०-आयईए फॉर्म भरावा लागतो आणि एकदा नवीकडे परतलात की पुन्हा जुनी नाही. अशांनी आधी सीएला गाठावं.