नॅनोक्लेवाला नायलॉन: नगाचा भाव परवडतो, वास नाही

गेल्या आठवड्यात भोसरीतल्या आमच्या प्लास्टिक मोल्डिंगच्या गाळ्यात भर पाळीत लाइट गेली. मशीनच्या बॅरलमधला, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीतला, माल तसाच राहिला. लाइट आल्यावर हीटर चढवून पर्ज केलं, म्हणजे अडकलेला माल बाहेर ढकलला, तर नोझलमधून पिवळट, फेसाळ लगदा आला आणि असा वास सुटला की शेजारच्या गाळ्यातला माणूस बघायला आला. आमचा ऑपरेटर म्हणाला, "शेठ, सुकट भाजायला घेतली का?"

माल होता नॅनोक्लेवाला दाणा: नायलॉन ६ मध्ये ५ टक्के नॅनोक्ले, म्हणजे अतिसूक्ष्म थरांची माती. पंपाच्या मोटरची कव्हरं आम्ही आधी ३० टक्के ग्लासच्या (काचेच्या तंतूंच्या) नायलॉनमध्ये काढायचो. पावसाळ्यापासून हा दाणा चालवतोय आणि वास पहिल्या गोणीपासून आहे.

कारण सरळ आहे. मॉन्टमोरिलोनाइट मातीचे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे थर प्लास्टिकमध्ये सुटे व्हावेत म्हणून त्यांना क्वाटर्नरी अमोनियम क्षाराचा लेप देतात. हा लेप २०० अंशांच्या आसपास तुटायला लागतो. नायलॉन ६ वितळतोच २२० ला, आणि मशीनवर २४० च्या खाली कोण चालवतं? लेप तुटला की अमाइन सुटतं, त्याचा हा वास. माल वाहता असेल तर कमी, थांबला की विचारू नका. पांढरा नग क्रीम रंगाचा होतो तोही बऱ्याच अंशी यामुळेच. लाइट गेल्यानंतरचा अख्खा लॉट गिऱ्हाइकाने परत पाठवला.

सप्लायरचा सर्व्हिसवाला फोनवर एकच पालुपद लावून बसला: "ड्रायिंग नीट करा." अहो, ओला दाणा असता तर नगावर चंदेरी रेघा आल्या असत्या. हे मी त्याला सांगायचं? रागारागात लॅबमधून राख (दाणा जाळल्यावर उरते ती माती) तपासून घेतली. ५ टक्के कसले, राख भरली तीनच्या आसपास. फसवणूक नाही म्हणे; लेप दिलेल्या क्लेच्या वजनात ३० ते ४० टक्के सेंद्रिय भाग असतो, तो जळून जातो. हिशेब बरोबर आहे, पण गोणीवर तसं छापायला काय जातं? घेताना विचारा: माती किती, लेप किती.

इथवर वाचून वाटेल की दाणा बंद केला असेल. करणारच होतो, किलोचा भाव बघून तर नक्कीच. मग नग काट्यावर ठेवला. ग्लासवाल्याची घनता १.३६, याची १.१५ च्या आसपास. म्हणजे त्याच साच्यात नग साधारण १५ टक्के हलका. आपण विकतो नगावर, किलोवर नाही. शिवाय ग्लासच्या कव्हरची फ्लँज वाकायची, म्हणून गरम नग जिगवर दाबून ठेवावा लागायचा. ती जिग आता धूळ खातेय. स्क्रू घासला जात नाही. रनर (साच्याच्या वाटेत गोठलेलं प्लास्टिक) दळून परत टाकला तर ग्लासचे तंतू तुटून ताकद जाते, इथे ती भानगड नाही. फक्त दळलेला माल जास्त टाकला की पिवळेपणा वाढतो. आकुंचन मात्र ग्लासपेक्षा जास्त, त्यामुळे बेअरिंगच्या भोकाची साच्यातली पिन नव्याने करावी लागली. तो खर्च धरा.

ब्रोशरमधल्या उष्णतेच्या आकड्यांवर उड्या मारू नका. नायलॉनचं हीट डिस्टॉर्शन (भाराखाली वाकायला लागण्याचं तापमान) ६५ वरून १४५ अंशांवर नेलं ते टोयोटाच्या संशोधकांनी, १९८०च्या दशकात, आणि त्यांनी नायलॉन क्लेच्या थरांमध्येच तयार केला होता. आपल्या हाती येतो तो बहुतेक ट्विन स्क्रू मशीनवर वितळवून मिसळलेला. आणि ३० टक्के ग्लासवाला २०० अंशांपर्यंत तग धरतो. इंजिनाजवळचा नग असेल तर ग्लासच बरा. धक्के सोसायचा नग असेल तर आधी तोडून बघा.

हीच क्लेची पावडर पीपीत (पॉलिप्रॉपिलीनमध्ये) टाकून स्वस्तात दाणा करायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल, तर नुसती टाकून काही होत नाही. क्ले आणि पीपीला जोडणारी, मलेइक अॅनहायड्राइड ग्राफ्ट केलेली पीपी सोबत लागते, नाहीतर गाठी राहतात आणि ती नुसती महागडी फिलर ठरते.

सध्या मशीनवर एक्झॉस्ट पंखा बसवलाय, आणि लाइट गेली की परत आल्यावर आधी साध्या पीपीने बॅरल धुतो. पुढची ऑर्डर दिली आहे, पण फक्त काळ्या नगांसाठी. सप्लायरने मास्कचा डबा फुकट पाठवलाय. परत आलेल्या लॉटची क्रेडिट नोट अजून नाही.