जूनबेरीच्या नावाखाली नुसत्या काड्या विकल्या, २०५० रुपये गेले

आमच्या गुहागरच्या घराशेजारचं अंजनीचं जुनं झाड रस्ता रुंद करताना तोडलं आणि तेव्हापासून बुलबुल यायचे बंद झाले, आई रोज खंत करायची. म्हणून मागीलदारी एखादं छोटं झाड लावायचं ठरवलं, फुलं येणारं आणि पक्ष्यांना फळं देणारं. मोबाईलवर एका नर्सरीची जाहिरात आली, पांढऱ्या फुलांनी लगडलेलं झाड, जांभळी फळं, नाव जूनबेरी, "कोकणात पहिल्याच वर्षी फळ". ६०० चं एक अशी तीन रोपं आणि २५० कुरिअर, सगळे पैसे आधीच यूपीआय केले.

आली तेव्हा हिरवीगार होती. आठ दिवसांत पानांनी माना टाकल्या, मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून अजून घातलं. शेवटी एक पिशवी फाडली तर काडी अलगद हातात आली. मूळ नाहीच! खाली कोयत्याचा तिरका काप, काळा पडलेला, भोवती लाल माती घट्ट थापलेली. बाकीच्या दोन्ही तशाच. कुठल्यातरी झाडाच्या फांद्या तोडून पिशवीत खोचलेल्या. नर्सरीवाल्याला फोटो पाठवले तर म्हणे "ताई, तुम्ही पाणी जास्त घातलंत", आणि ब्लॉक.

माझा भाचा दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलाय. तो म्हणाला, मावशी, जूनबेरी बहुतेक उत्तर अमेरिकेतली, सफरचंदाच्या कुळातली, हिवाळ्यात कडक थंडी मिळाली तरच नीट बहरते, आपल्या दमट हवेत खरं रोप मिळालं असतं तरी फळाची आशा नव्हती. तिच्या पानाच्या कडेला करवतीसारखे बारीक दात असतात आणि पानं एकाआड एक येतात. मला आलेल्या काड्यांवर पानं समोरासमोर आणि कडा एकदम साफ.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर फोन करून तक्रार नोंदवलीय, पैसे अजून आलेले नाहीत. पैसे पाठवल्याची पावती आणि चॅटचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, माझी अर्धी चॅट त्या नर्सरीवाल्याने डिलीट केली होती. आणि रोप शक्यतो समोर बघूनच घ्या, पिशवीच्या खालच्या भोकांतून पांढरी मुळं दिसतात का बघा, खोड धरून हळूच उचललं की मातीचा गोळा सोबत उचलला गेला पाहिजे.

आईने आता सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, अंजनीची पिकलेली काळी-जांभळी फळं आणून बिया पेरल्यात. अंजनी फार हळू वाढते, पण आपल्या जांभ्या कातळात तग धरते, उन्हाळ्यात फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुपके येतात, आणि फळं आपणही खाऊ शकतो. तीन बिया रुजल्यात, दोन-दोन पानांवर आहेत.